काचेवरचं आखूड बोट

खारूताईला फोन आला तेव्हा ती एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून टँकची काच घासत होती. हे नाव तिला धंद्यावरून पडलं होतं. लोकांच्या घरातले खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळायचे, कुणाचं प्रवाळ आजारी पडलं की धावून जायचं, हेच ती वीस वर्षं करत आली होती. तिच्या बाहीवर कायम मिठाचे पांढरे डाग असत आणि ते धुतले तरी जात नसत.

फोनवर एक मुलगी होती, दुसऱ्या शहरातून बोलत होती. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आठ महिन्यांपूर्वी गेले. त्यांचा मोठा टँक आईकडेच आहे. आता त्यात तपकिरी किडे झालेत आणि प्रवाळ मरायला टेकलंय, असं तिनं सांगितलं. ह्यात खारूताईला नवं काहीच नव्हतं. उद्या दुपारी येते, म्हणाली. फोन ठेवता ठेवता मुलगी घुटमळली.

"आई तुम्हाला हात लावू देणार नाही कदाचित. तिला ते किडे मारायचे नाहीत. ती... त्यांच्याशी बोलते."

एकटी बाई माशांशी बोलते, झाडांशी बोलते, ह्यात बिघडलं काय, असं खारूताईला वाटलं. पण किड्यांशी? ते मात्र तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

दुसऱ्या मजल्यावरचं ते घर एकामागे एक अशा तीन खोल्यांचं होतं. दार उघडलं ते मुलीच्या आईनं, काकूंनी. गळ्यात शिवणकामाची टेप, चष्मा कपाळावर. बाहेर लख्ख ऊन होतं, पण आत पडदे ओढलेले, आणि त्या निळसर अंधारात पंपाची घरघर तेवढी चालू होती. मिठाचा वास तर ओळखीचा होताच. त्याच्या खाली आणखी एक बारीक वास होता, यंत्राला घालायच्या तेलाचा. शिलाई मशीनचा असेल, असं समजून खारूताईनं तो सोडून दिला.

"बघा हवं तर," काकू म्हणाल्या. "हात नका लावू."

टँक चांगला चार फुटी होता आणि मधोमध परातीएवढं हिरवं प्रवाळ होतं. नखाएवढ्या तुकड्यापासून ह्यांनी बावीस वर्षं वाढवलंय ते, काकूंनी सांगितलं. सांगितलं नसतं तर ते हिरवं आहे हे कळलंही नसतं. त्याच्या फांद्याफांद्यांवर चपट्यांचा थर बसला होता. तांदळाच्या दाण्याएवढे, गंजाच्या रंगाचे, शेपटीला खाच असलेले चपटे किडे. धंद्यातली माणसं त्यांना नुसतं चपट्या म्हणतात आणि नाव घेताना तोंड वाकडं करतात. त्या प्रवाळाला चावत नाहीत, डसत नाहीत. त्यांना फक्त उजेड हवा असतो, आणि उजेडासाठी त्या प्रवाळाच्या अंगावर अशा पसरतात की खाली त्या बिचाऱ्याला उजेडच उरत नाही. फांद्यांची टोकं पांढरी पडू लागली होती. खारूताईनं मनात हिशेब केला. दहा दिवस. फार तर बारा.

"तीन वाजू द्या," काकू म्हणाल्या आणि टँकसमोर खुर्ची ओढून बसल्या. दुसरी खुर्ची त्यांनी खारूताईकडे सरकवली. नाटक सुरू व्हायची वाट बघावी तशा दोघी बसून राहिल्या.

तीनला टँकवरचा शेवटचा दिवा आपोआप लागला. आणि चपट्या निघाल्या. दगडांवरून, वाळूतून, प्रवाळावरून शेकड्यांनी त्या पुढच्या काचेकडे सरकू लागल्या. ह्यातही नवल नव्हतं, काचेवर त्या येतातच. पण काचेवर येऊन त्या पसरल्या नाहीत. एका जागी गोळा झाल्या. आधी एक गोल डाग दिसला, मग त्याला वर एक फांदी फुटली, मग दुसरी. पाच मिनिटांत काचेवर एक पंजा उमटला. मोठ्या माणसाचा, उजवा पंजा, आतून काचेला टेकवलेला. तर्जनी मधल्या पेरापर्यंतच होती.

"लहानपणी दारात चेंगरलं होतं ह्यांचं ते बोट," काकू हळूच म्हणाल्या. त्यांनी आपला हात उचलला आणि बाहेरून त्या पंजावर ठेवला. "रोज येतात. दुकानातून जेवायला ह्याच वेळी यायचे."

खारूताईच्या मानेवरचे केस उभे राहिले. पण ती पाण्यात बावीस हजार वेळा हात घातलेली बाई होती, भुताखेतांची तिला सवय नव्हती. तिनं समजावून सांगायला सुरुवात केली. जिथे उजेड जास्त पडतो तिथे ह्या जमतात, काकू. काचेवर कधीचा ओरखडा असेल, तेलाचा डाग असेल, त्याला धरून आकार होत असेल. बोलता बोलता तिनं दिव्याच्या आड एक पुठ्ठा धरला. पंजावर सावली पडली. सावली पडली की चपट्या पांगतात, हे तिला तिच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

पंजा हलला नाही. तिनं पुठ्ठा खाली ठेवला आणि ते काकूंना सांगितलं नाही.

मग खरं बोलणं झालं. गोड बोलून काम काढणं खारूताईच्या स्वभावात नव्हतं. ती म्हणाली, प्रवाळ दहा दिवसांत जाईल. ते कुजलं की पाणी कुजेल, मासे जातील, आणि कुजक्या पाण्यात ह्या चपट्यासुद्धा टिकणार नाहीत. म्हणजे हातही जाईल आणि हातचंही जाईल. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा हात अजून काचेवरच होता.

"आणि ह्यांना मारलं," त्यांनी विचारलं, "तर मी तीन वाजता कुणाची वाट बघू?"

 खारूताईला पहिल्यांदाच त्या बाईची मनापासून दया आली, आणि थोडी स्वतःचीही आली, कारण तिच्या घरी तीन वाजता काय, कोणत्याच वाजता कुणी येत नव्हतं.  काकूंनी पंजाकडे पाहिलं, मग त्या पांढऱ्या पडलेल्या फांद्यांकडे पाहिलं. शेवटी त्यांनी हात खाली घेतला.

"बावीस वर्षं डोळ्यात तेल घालून वाढवलं त्यांनी. माझी सोबत म्हणून मी ते मरू दिलं तर त्यांना तोंड कसं दाखवू? करा काय करायचं ते."

असल्या कामाला घाई चालत नाही. बदलायचं पाणी एक दिवस आधी मीठ घालून कालवून, ढवळत ठेवावं लागतं. खारूताईनं त्याच संध्याकाळी चार पिंपं भरून ठेवली. औषधाच्या बाटलीपेक्षा मोठी मेख वेगळीच आहे, हे तिनं काकूंना समजावलं. चपटी मरते तेव्हा तिच्या अंगातून विष सुटतं. एकीच्या विषानं काही होत नाही, हजारोंच्या विषानं संध्याकाळपर्यंत टँकमधलं सगळं आडवं होतं. रोगापेक्षा उपाय भयंकर, असं व्हायला नको असेल तर आधी जितक्या निघतील तितक्या जिवंत ओढून काढायच्या, आणि मगच उरलेल्यांना औषध द्यायचं.

दुसऱ्या दिवशी अकराला ती आली तेव्हा काकूंनी अस्तराच्या बारीक कापडाची एक लांब पिशवी शिवून ठेवली होती. नळीच्या टोकाला बांधायची, म्हणजे पाणी गाळून बादलीत जाईल आणि किडे पिशवीत राहतील. शिवण इतकी बारीक की खारूताई बघतच राहिली. विकतच्या पिशवीतून निम्म्या चपट्या निसटतात, ती म्हणाली, तुम्ही हा धंदा करायला हवा होता. काकू पहिल्यांदाच हसल्या. मग एकीनं नळी धरायची, दुसरीनं बादली सांभाळायची, असं चार तास चाललं. प्रवाळावर पाण्याची हलकी फुंकर मारली की चपट्या सुटायच्या, आणि सुटल्या की नळी त्यांना गिळायची. थराखालून हिरवा रंग दिसायला लागला तेव्हा काकूंनी डोळे पुसले.

तीन वाजता दिवा लागला. उरलेल्या दोन-तीनशे चपट्या काचेवर आल्या. पंजा उमटला, पण विरळ, मधून पाणी दिसेल असा.

"डोळे मिटा हवं तर," खारूताई म्हणाली.

"नाही. बघते मी."

खारूताईनं औषध मोजलं. टँकची लांबी, रुंदी, उंची, त्यातून दगडांची जागा वजा, खालच्या कपाटातली गाळणीची टाकी अधिक. कपाट तिनं सकाळीच उघडून पाहिलं होतं. बाटलीचं झाकण फिरवलं आणि हात पाण्यावर नेला.

पंजा हलला.

पांगला नाही, तसाच्या तसा हलला. बोटं पुढे करून, चाचपडत, तो काचेवरून उजवीकडे सरकू लागला. आंधळा माणूस भिंतीला धरून चालतो तसा. कोपऱ्यापाशी पोचला, कोपऱ्यावरून वळला आणि भिंतीकडच्या बाजूच्या काचेवर जाऊन थांबला. खारूताईचा हात हवेत तसाच राहिला. पंपाच्या घरघरीत आता आणखी एक आवाज होता. भिंतीच्या पलीकडून येत होता.

टक्... टक्... टक्...

काचेवर नखानं वाजवावं तसा.

"पलीकडे कोण आहे?" तिनं विचारलं.

"कुणी नाही..." काकूंचा चेहरा कागदासारखा झाला होता. "ह्यांची कामाची खोली... आठ महिने कुलूप आहे..."

खारूताईनं बाटली बंद केली. विजेरी घेतली आणि पंजा टेकला होता तिथे, टँक आणि भिंत ह्यांच्या बोटभर फटीत उजेड टाकला. दगडाच्या मागून दोन बारीक नळ्या निघाल्या होत्या आणि भिंतीत शिरल्या होत्या. एकीतून पाणी जात होतं, एकीतून परत येत होतं.

तिनं विजेरी खाली ठेवली. पाणी कुठून कुठे जातं ते आधी बघायचं, मग बाटलीला हात लावायचा, हा तिच्या उस्तादांचा पहिला धडा. वीस वर्षांत ती तो कधी विसरली नव्हती. आज कपाटात एक टाकी दिसली आणि तिनं शोध थांबवला. भिंतीपलीकडे आणखी एक टँक होता, ह्याच पाण्याचा. तिथल्या चपट्यांना कुणी नळी लावली नव्हती. औषध तिथे पोचलं असतं, त्या मेल्या असत्या, आणि त्यांचं विष त्याच नळीनं परत ह्या प्रवाळावर आलं असतं. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न होता.

काकूंना त्या टँकचा पत्ताच नव्हता. घड्याळवाल्याच्या खोलीत घरचं माणूस पाऊल टाकत नाही, त्या म्हणाल्या. एक शिंक आली तरी महिन्याचं काम उडून जातं. आणि ते गेल्यावर तर त्या खोलीचा उंबरा ओलांडायची हिंमतच झाली नाही. किल्ली मशीनच्या खणात होती. कुलूप गंजलं होतं, तेलाचे दोन थेंब सोडल्यावर उघडलं.

आत धूळ होती. टेबलावर, भिंगाच्या दिव्यावर, जमिनीवर सगळीकडे सारखी, पावलाचा एकही ठसा नसलेली. आणि भिंतीला लागून एक लहान टँक होता, ज्याचा दिवा आपल्या वेळेवर लागत होता आणि विझत होता. त्याच्या काचा चपट्यांनी गालिच्यासारख्या झाकल्या होत्या. आत वरच्या बाजूला एक जाळी होती, आणि जाळीवर ओळीनं एकतीस छोटे दगड. प्रत्येक दगडावर त्या हिरव्या प्रवाळाचा बोटभर तुकडा चिकटवलेला, आणि टँकच्या कडेला प्रत्येकाची चिठ्ठी, मुंगीएवढ्या अक्षरात तारीख घातलेली. शेवटची चिठ्ठी ते गेले त्याच आठवड्याची होती.

"ह्यांचंच अक्षर," काकू म्हणाल्या.

खारूताई अक्षर बघत नव्हती. ती तुकडे बघत होती. तळ, काचा, नळ्या सगळं चपट्यांनी भरलेलं असताना त्या एकतीस तुकड्यांवर एकही चपटी नव्हती. असं आपोआप होत नाही. रोज कुणीतरी मऊ कुंचल्यानं झाडावं लागतं, प्रत्येक तुकडा, प्रत्येक फांदी. टँकच्या कडेवर एक कुंचला आडवा ठेवलेला होता. तिनं तो उचलला. केस ओले होते.

तो तिनं जागच्या जागी ठेवला. पाचावर धारण बसली होती, तरी हातातलं काम सोडून पळणारी ती नव्हती. "काकू, पिशवी आणा," ती म्हणाली. "अजून दोन तासांचं काम आहे."

औषध पाण्यात पडलं तेव्हा साडेपाच झाले होते. चपट्या आकसल्या, वळल्या, सुटून पाण्यात तरंगू लागल्या, आणि खारूताईची नळी त्यांना वरच्यावर टिपत गेली. बाजूच्या काचेवरचा पंजा मात्र शेवटपर्यंत टिकला. मग अंगठा सुटला. मग करंगळी. काकू काचेला कपाळ टेकून उभ्या होत्या आणि हुंदके देऊन रडत होत्या. सगळ्यांत शेवटी ती आखूड तर्जनी गेली. काच स्वच्छ झाली, आणि इतकी स्वच्छ काच खारूताईला आयुष्यात पहिल्यांदा बघवेना.

पाण्यातलं विष शोषून घ्यायला कोळशाची पिशवी सोडली, पिंपांतलं ताजं पाणी घातलं. दिवा विझायच्या आधी प्रवाळाच्या एका फांदीनं आपली बारीक बोंडं बाहेर काढली. कित्येक महिन्यांनी असेल. काकूंना ते दाखवलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

पहिल्या औषधातून अंडी वाचतात, म्हणून आठवड्यानं दुसरी फेरी करावी लागते. खारूताई दुपारी दोनला गेली. मुलीला फोन करून तिनं रोज चौकशी केली होती. आई बरी आहे, जेवते, पण तीन वाजले की टँकसमोर बसते आणि काच रिकामीच असते, असं मुलगी म्हणाली होती.

पण दार उघडणाऱ्या काकू वेगळ्या होत्या. पडदे बाजूला केले होते. मधल्या दाराचं कुलूप गेलं होतं, कामाची खोली झाडून घेतली होती. प्रवाळ अर्धं हिरवं झालं होतं आणि त्याच्या फांद्या नुकत्याच उठलेल्या माणसासारख्या पसरल्या होत्या. खारूताईनं बाहेरचा टँक तपासला, आतला तपासला, भिंग लावून एकतीसच्या एकतीस तुकडे पाहिले. चार-दोन पिल्लं होती, बाकी काही नाही. औषधाचा दुसरा डोस झाला. दोघी पुढच्या खोलीत येऊन बसल्या, चहा झाला. काकू आता तिला अगंतुगं करत होत्या, आणि ते तिला आवडत होतं.

"खरं सांगू का," काकू म्हणाल्या, "मला वाटलं होतं, मीच त्यांना घालवलं. आठ दिवस हेच डोक्यात आहे. प्रवाळ वाचलं ह्याचा आनंद आहे गं, पण वाईट वाटतं ते वाटतंच."

खारूताईनं त्यांचा हात हातात घेतला. मग ती उठली, निघण्याआधी पाणी एकदा बघून घेते म्हणाली. काकू मागोमाग आल्या.

आतल्या टँकपाशी ती उभी राहिली आणि तिनं तुकडे मोजले. पुन्हा मोजले.

बत्तीस.

"तू कापलास?" काकूंनी विचारलं.

"नाही. मला वाटलं..." पण काकूंना प्रवाळ कापता येत नव्हतं, आणि त्या पूर्ण वेळ तिच्यासमोर बसून चहा पीत होत्या.

खारूताईनं बाही वर केली आणि तो बत्तिसावा दगड बाहेर काढला. काप ताजा होता, अजून त्यातून चिकट पाणी येत होतं. तुकडा ज्या गोंदानं चिकटवतात तो पाण्यात पाच मिनिटांत दगडासारखा होतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं नख टेकवलं. नख आत रुतलं.

"मऊ आहे," ती कुजबुजली.

काकू टेबलाकडे बघत होत्या. सकाळीच पुसलेल्या टेबलावर एक नवी चिठ्ठी होती, तिच्याशेजारी पेन्सिल. चिठ्ठीवर मुंगीएवढ्या अक्षरात आजचा दिवस होता, महिना होता. साल लिहायचं राहिलं होतं.

खारूताईला वाटलं, काकू आता कोसळतील. काकूंनी तिच्या हातातला तुकडा अलगद घेतला, जाळीवर जागच्या जागी ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसूच म्हणायला हवं.

"चल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आपण मध्येच आलो. काम चाललंय त्यांचं."

दोघी पावलं न वाजवता बाहेर आल्या. वीस वर्षं फक्त पाण्यावर विश्वास ठेवलेल्या खारूताईनं, आत कुणी कामात असलं की लोटतात तसं, दार हलक्या हातानं लोटून घेतलं. कडी बसली, आणि आतून भिंगाच्या दिव्याचं बटण दाबल्याचा आवाज आला.